कार्ब्युरेटरवर हात टाकण्याआधी

आधी तो पाना खाली ठेव. ट्रॅक्टर चालू होईना की आल्या आल्या कार्ब्युरेटर खोलायला घेणं, यासारखा महागात पडणारा उतावळेपणा दुसरा नाही. कार्ब्युरेटर बिचारा समोर, हाताशी असतो, पेट्रोलचा वासही त्यालाच येतो, त्यामुळे आळ त्याच्यावर येतो. पुष्कळदा गुन्हेगार दुसराच निघतो, आणि तोवर आपण चांगला बसलेला कार्ब्युरेटर उचकटून, त्याचं गॅस्केट फाडून मोकळे झालेलो असतो.

घराबरोबर तुझ्या वाट्याला आलेला तो पिवळा-पांढरा कब कॅडेट १२२ इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यातला. साठच्या दशकात अमेरिकेत गावाबाहेर एक-दोन एकरांची घरं वाढली. शेताचा ट्रॅक्टर त्यांना झेपायचा नाही आणि ढकलायचं गवतकापणीचं यंत्र पुरायचं नाही, म्हणून ही बागेच्या ट्रॅक्टरांची जात फोफावली. जॉन डिअरचा ११० आला १९६३ साली, त्यातही कोहलरचंच इंजिन. तुझ्या ट्रॅक्टरातलं कोहलर के-३०१: एकच सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, बिडाचा ब्लॉक. हे इंजिन सहजासहजी मरत नाही. ते रुसतं, आणि रुसण्याची कारणं ठरावीक आहेत.

सुरुवात ठिणगीपासून कर. प्लग काढ, वायर परत जोड, प्लगचं अंग हेडच्या उघड्या धातूला टेकव आणि स्टार्टर मार. प्लगच्या भोकावर फडकं दाबून ठेव, कारण तिथून पेट्रोलचा फवारा आला तर त्याच ठिणगीवर पेटेल. ठिणगी निळी, कडकडीत हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर कार्ब्युरेटरचा विषय तिथेच बंद. पॉइंटचं अंतर २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), प्लगचं ३५ थाऊ, फीलर गेज घालून बघ. पॉइंटवर काळपट थर बसला असेल तर जाड कोरा कागद मधून ओढला तरी फरक पडतो. गरम झाल्यावर बंद पडत असेल तर बंद पडलेल्या क्षणीच ठिणगी बघायची. अर्ध्या तासानं बघशील तर कॉइल थंड होऊन साळसूद झालेली असते, आणि तू पुन्हा कार्ब्युरेटरला शिव्या घालत बसशील.

ठिणगी चांगली आहे ना? मग टाकीकडे ये. झाकणाला बारीक छिद्र असतं, पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. ते छिद्र मातीनं बुजलं की इंजिन दहा-पंधरा मिनिटं मजेत चालतं आणि मग गुपचूप मरतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. अशा वेळी झाकण सैल कर. सुस्स आवाज आला तर रोग सापडला, खर्च शून्य. त्यानंतर नळी कार्ब्युरेटरपासून सोडव, खाली डबा धर आणि कॉक उघड. धार सलग पडली पाहिजे. आधी पडून मग थेंबथेंब होत असेल तर टाकीच्या तळाशी गंज नाहीतर गाळ आहे. तुझ्या ट्रॅक्टरात पेट्रोल उतारानं येतं, पंप नाही, म्हणून मधे फिल्टर बसवायचा तर उतारावर चालणाराच बसव. पंपवाल्या गाडीचा फिल्टर लावला तर त्यातून उतारावर पुरेसं पेट्रोल येतच नाही, आणि जोर लावला की इंजिन उपाशी राहतं. नळीही चिमटून बघ. आतून सोललेली जुनी रबरी नळी बाहेरून अगदी ठणठणीत दिसते.

मग शेवटची परीक्षा. एअर क्लीनर काढ, चमच्याच्या टोकाएवढं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात टाक, तोंड बाजूला घे आणि स्टार्टर मार. तोंड बाजूला घे हे मुद्दाम सांगतोय, कारण उलटा भडका उडाला तर पहिल्या भुवया जातात. दोन-चार सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी ठीक, कॉम्प्रेशन ठीक, फक्त पेट्रोल पोचत नाही. आता पाना उचलायला हरकत नाही.

पण खोलण्याआधी इंजिन काय सांगतंय ते ऐक. अर्धा चोक ओढला तरच चालतं, चोक सोडला की मरतं, याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय: मेन जेटमध्ये कचरा आहे किंवा कुठूनतरी फालतू हवा आत शिरतेय. काळा धूर, काजळी धरलेला प्लग आणि पेट्रोलचा भपका असेल तर पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा आधी एअर क्लीनर काढून चालवून बघ. बरं चाललं तर दोष तेलकट झालेल्या कागदी फिल्टरचा. आणि आवाज वर-खाली, वर-खाली होत असेल, पळून दम लागल्यासारखा, तर थ्रॉटलचा दांडा बोटांनी एका जागी हलकेच धरून बघ. धरल्यावर आवाज स्थिर झाला तर दोष गव्हर्नरकडे, त्याची स्प्रिंग नाहीतर जोडण्या बघ. धरूनही हेलकावे चालूच राहिले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी. धरताना थ्रॉटल उघडू मात्र नकोस. हे इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या वर पळवण्यासाठी नाही, आणि गव्हर्नरला अडवलं तर ते बिनधास्त पळतं.

उतरवताना गव्हर्नरची स्प्रिंग कोणत्या भोकात होती त्याचा फोटो काढ. दोन-तीन भोकं असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कार्ब्युरेटरच्या तळाचा बाऊल खोलल्यावर लगेच पुसू नकोस, आधी बघ. तळाशी तांबूस भुकटी म्हणजे टाकीचा गंज. पिवळट, चिकट, वार्निशसारखा लेप म्हणजे कित्येक महिने साठून राहिलेलं पेट्रोल. पांढुरका चिखल आणि पाण्याचे गोळे म्हणजे इथेनॉलची करामत. अमेरिकेतल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्क्यांपर्यंत मक्याचं इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं. ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि टाकी ते बाऊल सगळ्या वाटेवरची सगळ्यात खोलगट जागा म्हणजे बाऊल. हे फक्त अमेरिकेतलं दुखणं नाही बरं का. आपल्याकडे भारतात आता २० टक्के मिसळतात, त्यातलं काही उसापासून आलेलं, आणि जुन्या चेतक-प्रिया स्कूटरवाल्यांची रबरी सील फुगली की ते मला फोन करतात. तिकडे मी हेच सांगतो, इकडे तुलाही: महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नकोस.

सफाई करताना रबर, नायलॉन, गॅस्केट, फ्लोट आधी बाजूला काढ, कारण कार्ब्युरेटर क्लीनर ते खाऊन टाकतो. बाकीचं भिजू दे, मग प्रत्येक वाटेतून कॉम्प्रेसरची हवा मार. चष्मा लाव. एका भोकात मारलेली हवा दुसऱ्या भोकातून बाहेर येते का ते बोट लावून बघ. आयडलच्या बारीक छिद्रांपाशी घाई करू नकोस. थ्रॉटलच्या पाकळीजवळ, नळीच्या भिंतीत ती असतात, आणि आयडलची बहुतेक सगळी दुखणी तिथंच घर करतात. त्यात ड्रिल घालायचं नाही, पोलादी तारही नाही. वायरीतली तांब्याची एक बारीक लड चालते. जेटचं माप केसभरानं वाढलं की ते परत येत नाही.

मेन आणि आयडल या सेटिंगच्या सुयांची टोकं उजेडात धरून बघ. आधीच्या मालकानं सुई जोरात पिळून बसवली असेल तर टोकाभोवती गोल खाच पडलेली दिसेल, आणि नखाला ती सहज लागते. अशी सुई कितीही फिरव, सेटिंग बसत नाही, ती बदलच. म्हणून सुई आत घेताना दोन बोटांनीच, टेकली की थांब. फ्लोट कानापाशी हलव. आत खळखळ झाली तर त्यात पेट्रोल शिरलंय. शंका असेल तर गरम पाण्यात बुडव, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. उंची तपासायला गॅस्केट काढलेलं वरचं अंग उलटं धर, फ्लोट आपल्या वजनानं स्वतःच्या सुईवर टेकू दे. फ्लोटचं मोकळं टोक आणि मशीन केलेला चेहरा यांच्यात ११/६४ इंच फट हवी. मी त्याच मापाचं ड्रिल बिट आडवं सरकवतो. घासून पण न अडकता गेलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर फ्लोटची पत्र्याची जीभ हलकेच वाकवायची. फ्लोट सुईवर दाबून वाकवू नकोस.

परत बसवताना फ्लँज सपाट आहे का ते पोलादी पट्टी लावून पाहा. वर्षानुवर्षं नट आवळून आवळून कान पुढे वाकलेले असतात आणि मधून हवा शिरते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं की सपाट होतं.

मेन सुई वर, आयडलची बाजूला. दोन्ही हलकेच टेकवून मेन सुमारे दोन फेरे आणि आयडल सव्वा-दीड फेरा बाहेर घे. नेमके आकडे तुझ्या इंजिनाच्या पुस्तकात मिळतील, पण चालू करायला एवढं पुरतं. इंजिन चांगलं तापू दे. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग कामाला लावलं की बिघडतं. पूर्ण थ्रॉटलवर मेन सुई आत घेत जा, इंजिन मंदावलं की ती जागा लक्षात ठेव. मग बाहेर घेत जा, जड होऊन पुन्हा मंदावलं की ती. मुक्काम दोन्हींच्या मधे, किंचित बाहेरच्या बाजूला. आयडलचंही तसंच, फेऱ्या मिनिटाला १,२०० च्या आसपास. खरी कसोटी गवतात. उंच गवतात घातल्यावर आवाज दबत असेल तर मेन सुई आणखी पाव फेरा उघड.

एवढं करूनही आयडल टिकत नसेल तर थ्रॉटलचा स्पिंडल धरून वर-खाली हलव. इतक्या वर्षांत त्याची भोकं लांबट झालेली असतात. चालू इंजिनावर स्पिंडलपाशी क्लीनरचा एक बारीक फवारा मार, सायलेन्सरपासून लांब. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते. यावर सुयांचा उपाय नाही. भोकं रीमरनं मोठी करून ब्राँझचे बुश घालावे लागतात. जवळ मशीन शॉप असेल तर तासाभराचं काम. स्वस्तातला तयार कार्ब्युरेटर मागवायचा मोह होईल. त्यातल्या कित्येकांत मेन सुईच नसते, जेट ठोकून पक्का केलेला असतो, आणि तो दुसऱ्याच कुठल्या इंजिनाच्या मापाचा निघाला तर करण्यासारखं काही उरत नाही. माझं मत विचारशील तर जुनाच बुश घालून वापर.

आणखी एक. फ्लोटची सुई गळत असताना कॉक उघडा राहिला तर पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून खाली तेलात उतरतं. सकाळी डिपस्टिक काढ. तेलाची पातळी चढलेली दिसली, तेल पाण्यासारखं पातळ लागलं आणि पेट्रोलचा वास आला, तर सुई बदलून, जुनं तेल काढून नवं घातल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. आणि काम झालं की दर वेळी कॉक बंद. हिवाळ्यात बर्फ काढायला ट्रॅक्टर लागणार नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालव, आणि बाऊलमध्ये राहिलेलं पेट्रोल खालचा नट सोडून डब्यात काढ. त्या नटाचं फायबर वॉशर दर वेळी नवंच घाल. कार्ब्युरेटर दुरुस्तीच्या किटमध्ये येतं.