पश्चिमेच्या खिडकीला कोणती काच?

प्रश्न : नागपुरात आमच्या हॉलला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. मे महिन्यात दुपारनंतर तिथे बसवत नाही. दुकानदार दुहेरी काच सुचवतो. घ्यावी का?

उत्तर : नुसती दुहेरी नको. तुमचा खरा त्रास थेट उन्हाचा आहे, आणि साध्या काचांची जोडी ऊन बरंचसं आत सोडतेच. दुकानदाराला ‘एसएचजीसी’ विचारा. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता घरात येते, त्याचा हा आकडा. साध्या काचेचा तो 0.8 च्या आसपास असतो. ऊन रोखणाऱ्या ‘लो-ई’ लेपाच्या काचेत 0.3 पर्यंतही मिळतो. गडद काचेला मात्र भुलू नका. ती स्वतःच तापते; संध्याकाळी हात लावून बघा! वर भरदिवसा दिवे लावावे लागतात ते वेगळंच.

घरात कूलर आहे की एसी? कूलरला खिडक्या थोड्या उघड्याच लागतात, मग दुहेरी काचेचे पैसे वाया. एसी तासन्‌तास चालत असेल, तर लो-ई लेपाची दुहेरी काच घ्या.

त्याआधी खिडकीबाहेर वाळ्याची ताटी किंवा बांबूची चिक लावून एक उन्हाळा काढा. मावळतीचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही.