समाजमाध्यमांचे मोजमाप : सूचना वेळेत पोहोचली काय?

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाल्यावर सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरी लागते. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे विकसित केलेले औद्योगिक क्षेत्र विदर्भातील मोठ्या क्षेत्रांपैकी एक होय. कृत्रिम धाग्यापासून टायरपर्यंत नाना प्रकारचे उत्पादन येथे होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचे असलेले हे गाव आता नगरपरिषदेचे झाले आहे. गावातील मूळची शेतकरी कुटुंबे, भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय कामगार आणि नागपूरहून रोज ये-जा करणारे कर्मचारी असे तीन प्रकारचे लोक येथे एकत्र नांदतात. त्यांचे दिवस सारखे उगवत नाहीत. कोणी सकाळी सहाला कामावर निघतो, तर कोणी त्याच वेळी रात्रपाळी आटोपून झोपायला जातो.

अशा गावात सार्वजनिक सूचना द्यावयाची झाल्यास एकेकाळी दवंडी पुरेशी होती. दवंडी देणारा चावडीपासून शेवटच्या आळीपर्यंत जाऊन येई आणि कोणत्या घराला कुलूप होते हेही सांगू शके. आज त्याची जागा फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स आणि व्हॉट्सॲप यांनी बऱ्याच अंशी घेतली आहे. या माध्यमांवरील खात्यांची आकडेवारी कार्यालयास विनामूल्य मिळते आणि ती दवंडीवाल्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी तपशीलवार असते. तथापि कुलूप कोणत्या घराला होते, हे तीमधून आपोआप कळत नाही. ते काढून घ्यावे लागते.

पडद्यावरचे आकडे

एक उदाहरण कल्पू या. जलकुंभाच्या स्वच्छतेमुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी येणारे पहिले पाणी उकळून प्यावे, अशी सूचना बुटीबोरीसारख्या गावातील कार्यालयाने बुधवारी सकाळी अकरा वाजता आपल्या फेसबुक पृष्ठावर दिली. पृष्ठाचे अनुयायी, म्हणजे फॉलोअर, १२,००० आहेत. आठ दिवसांनी आकडे पाहिले तेव्हा पोहोच ४,८०० खात्यांची, व्ह्यूज ७,२००, पसंतीच्या खुणा २४० आणि पुढे पाठविणारे ६० असे दिसले.

यातील प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो. पोहोच म्हणजे ज्यांच्या पडद्यावर ती सूचना किमान एकदा आली अशी वेगवेगळी खाती. व्ह्यूज म्हणजे ती एकूण किती वेळा दिसली याची मोजणी. एकाच माणसाने तीनदा पाहिले तर तीन. म्हणून व्ह्यूजचा आकडा नेहमी मोठा दिसतो आणि अहवालात तोच लिहिण्याचा मोह होतो. २०२४ पासून मेटा कंपनीने फेसबुक व इन्स्टाग्रामवर व्ह्यूज हेच मुख्य माप म्हणून पुढे केल्याने हा मोह अधिकच वाढला आहे. एक्सवर तर डिसेंबर २०२२ पासून हा आकडा प्रत्येक मजकुराखाली सर्वांनाच दिसतो. अनुयायांची संख्या ही आणखी निराळी बाब आहे. ती गेल्या अनेक वर्षांची साठवण असून त्यातील किती जण आज गावात आहेत, हे तिच्यावरून समजत नाही.

प्रतिसादाचे प्रमाण काढताना भागाकार कशाने केला हेही नोंदविणे अगत्याचे आहे. वरील उदाहरणात पसंती व पुढे पाठविणे मिळून ३०० होतात. पोहोचीने भागल्यास प्रमाण ६.२५ टक्के येते, अनुयायांनी भागल्यास अवघे २.५ टक्के. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. परंतु एका महिन्यात एक आणि दुसऱ्या महिन्यात दुसरा वापरला तर प्रगतीचा जो आलेख निघेल तो निव्वळ भासाचा असेल. पोहोचीने भागणे सामान्यतः अधिक योग्य, कारण ज्याच्यापुढे सूचना आलीच नाही त्याच्याकडून प्रतिसादाची अपेक्षा करता येत नाही.

आता त्याच पृष्ठावरील एका सत्काराच्या छायाचित्राचा विचार करू. पोहोच ९,०००, पसंती ९००, पुढे पाठविणारे १८. मासिक अहवालात हे छायाचित्र पहिल्या क्रमांकावर येईल यात शंका नाही. पण पाण्याच्या सूचनेस दर चार पसंतींमागे एकाने पुढे पाठविले आहे, तर छायाचित्रास पन्नासांमागे एकाने. मनुष्य पसंती देतो ती बहुधा सौजन्याने. पुढे पाठवितो ते मात्र दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावर. सूचनेचे मूल्य ठरविताना पुढे पाठविणाऱ्या साठांचे वजन छायाचित्राच्या नऊशे पसंतींहून अधिक धरले पाहिजे.

मुदतीपूर्वीची पोहोच

मात्र या सर्वांहून महत्त्वाचा आकडा पडद्यावर तयार मिळत नाही. ४,८०० खात्यांपैकी गुरुवारी सकाळी नळ बंद होण्यापूर्वी किती जणांना सूचना दिसली?

समाजमाध्यमे मजकूर आला त्या क्रमाने दाखवीत नाहीत. वापरणाऱ्याची आवड, पूर्वीचा प्रतिसाद आणि इतर अनेक गोष्टी पाहून संगणकीय पद्धती तो क्रम ठरविते. बुधवारची सूचना एखाद्यास शनिवारी दिसू शकते. शनिवारी पाहणाराही पोहोचीत मोजला जातो, त्याची पसंतीही मोजली जाते. पण शुक्रवारी न उकळलेले पाणी त्याच्या घरातील लेकरांनी पिऊन झालेले असते. बुधवारी अकरा वाजता रात्रपाळीचा कामगार झोपेत होता आणि दिवसपाळीचा यंत्रावर. कार्यालयास सोयीची वेळ बुटीबोरीतील अर्ध्या कामगारवस्तीस गैरसोयीची असू शकते.

यावर उपाय साधा आहे. तातडीची सूचना दिल्यानंतर त्याच दिवशी सायंकाळी आणि पुन्हा मुदत संपण्याच्या क्षणी पोहोचीचा आकडा पाहून वहीत उतरून घ्यावा. समजा, गुरुवारी पहाटेपर्यंत तो १,५०० इतकाच होता. मग कार्यालयाच्या कामाचा खरा आकडा १,५०० होय. उरलेले ३,३०० हे माध्यमाच्या यशात जमा होतील, पाणीपुरवठ्याच्या नव्हे. चार-सहा सूचनांच्या अशा नोंदी झाल्या की सकाळी अकराऐवजी पाळी बदलण्याच्या सुमारास, किंवा दोन वेळा, सूचना दिल्याने काय फरक पडतो हे आपोआप दिसू लागते. अनुयायी कोणत्या वेळी अधिक जागरूक असतात हे दाखविणारा तक्ताही या माध्यमांवर असतो. परंतु तो सर्व अनुयायांची सरासरी असते, आणि तीन पाळ्यांच्या गावात सरासरी माणूस कोठेच राहत नाही.

स्थानाच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. अनुयायांची गावे दाखविणाऱ्या यादीत लहान गावातील लोक अनेकदा जवळच्या मोठ्या शहराच्या नावाखाली मोजले जातात. बुटीबोरीचा रहिवासी 'नागपूर' या नोंदीत गेला तर त्याची नागपुरातील लाखो लोकांपासून निवड करणे अशक्य होते. शिवाय एका घरात एकच फोन असेल तर चार माणसे एक खाते म्हणून मोजली जातात, आणि दोन फोन बाळगणारा एकटा दोन म्हणून.

आकडे चुकतात, व्याख्या बदलतात

छापील आकड्यास पुरावा मानण्याची सवय कार्यालयांना असते. संगणकाच्या आकड्यावर तर अधिकच विश्वास बसतो. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकनेच जाहीर केले की, चित्रफिती सरासरी किती वेळ पाहिल्या जातात याचा आकडा सुमारे दोन वर्षे फुगवून दाखविला गेला होता. तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणारे प्रेक्षक भागाकारातून वगळल्यामुळे सरासरी वाढली होती. शाळेत गैरहजर मुलांना पटावरूनच कमी करून उपस्थितीचे प्रमाण काढावे, तसाच हा प्रकार. शिक्षकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

व्याख्या बदलल्यानेही आकडा उडी घेतो. यूट्यूबवरील शॉर्ट्स या लघुचित्रफितींसाठी ३१ मार्च २०२५ पासून चित्रफीत सुरू होताच एक व्ह्यू धरण्यात येऊ लागला. त्यामुळे पाहणारे तितकेच असूनही अनेक खात्यांचे आकडे वाढले. जुनी मोजणी वेगळ्या शीर्षाखाली उपलब्ध आहे. ज्या कार्यालयाच्या वहीत ही तारीख लाल शाईने लिहिलेली नसेल तेथे मार्च व एप्रिलची तुलना करून कोणाची तरी पाठ थोपटली गेली असण्याचा संभव आहे.

चित्रफितींच्या बाबतीत एकूण व्ह्यूजपेक्षा प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून जातो, हे दाखविणारी यूट्यूबची रेषा फार बोलकी असते. स्वागत, हार आणि प्रास्ताविकात पहिला अर्धा मिनिट गेला की रेषा तेथेच कोसळते. तारीख, प्रभाग आणि करावयाची कृती ही पहिल्या दहा सेकंदांत सांगितली तर ती निदान कोसळण्यापूर्वी कानावर पडतात. हार नंतर दाखविता येतात.

पैसे देऊन वाढविलेली पोहोच नेहमी स्वतंत्र रकान्यात ठेवावी. अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक खात्यांचे आकडे तर कार्यालयाच्या आकड्यांत मुळीच मिळवू नयेत. शासकीय व वैयक्तिक खाती वेगळी ठेवावीत, असे राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना सांगितलेच आहे.

पुण्याचा जुना धडा

हे मोजमाप महाराष्ट्राला नवे नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून ते ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व मते केंद्राकडे कळवीत. त्याचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले.

किती रेडिओ लागले होते, एवढेच मोजून संस्था थांबली नाही. मंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना करण्यात आली. लोकांना काय माहीत आहे, हे प्रयोगापूर्वी व नंतर विचारले गेले. मंडळांच्या गावांत माहितीत लक्षणीय वाढ आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अल्प होती. म्हणजे आवाज दोन्हीकडे पोहोचला होता, पण माहिती रुजली ती जेथे बसून बोलणे झाले तेथे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पोहोच सारखी होती, परिणाम वेगळा होता.

नगरपरिषदेस किंवा ग्रामपंचायतीस हीच पद्धत लहान प्रमाणावर वापरता येईल. एका प्रभागात सूचना केवळ समाजमाध्यमावर द्यावी. दुसऱ्यात तिच्या जोडीला घंटागाडीचा ध्वनिक्षेपक आणि कारखान्याच्या फाटकावरील फलक वापरावा. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडे काही घरी जाऊन विचारावे. आरोग्यास धोका असलेल्या सूचनेवर मात्र असा प्रयोग करू नये. तेथे सर्व साधने सर्वत्र वापरावयाची. घरपट्टीच्या सवलतीसारखा विषय यासाठी योग्य.

खिडकीवरील रकाना

सर्वांत स्वस्त साधन कर भरण्याच्या खिडकीवर आहे. पावती देताना 'आपणांस कोठून कळले?' एवढा एक प्रश्न विचारून वहीत खूण करावी. समजा, २०० जणांपैकी ३१ जणांनी पृष्ठाचे नाव घेतले, ७४ जणांनी व्हॉट्सॲप गटाचे, ५२ जणांनी शेजाऱ्याचे आणि ४३ जणांनी घंटागाडीचे. पृष्ठाचा वाटा थोडा वाटतो. परंतु गटावर फिरलेले चित्र पृष्ठावरूनच उचललेले असू शकते. गटागटांतून असे पुढे गेलेले चित्र किती जणांनी पाहिले, हे मूळ कार्यालयास कोणताही तक्ता दाखवीत नाही. म्हणून सूचनेच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटा क्रमांक छापावा आणि खिडकीवर तो आठवतो काय, हे विचारावे. नाव किंवा फोन क्रमांक टिपण्याची काहीच आवश्यकता नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे आणि येथे हवी आहे ती केवळ खूण.

प्रतिक्रियांची मोजणी करताना त्या वाचाव्यातही. 'कोणता प्रभाग?' असे दहा जणांनी विचारले असेल तर सूचनेत प्रभाग लिहावयाचा राहिला आहे किंवा तो बारीक अक्षरांत आहे. 'यह पानी कब आयेगा?' असा प्रश्न हिंदीत आला तर ज्यांच्यासाठी सूचना आहे त्यांपैकी एक वर्ग मराठी मजकुराशी झगडत आहे. बुटीबोरीसारख्या ठिकाणी सूचनेखाली दोन हिंदी ओळी जोडल्यानंतर असे प्रश्न घटले की नाही, हे पुढच्या महिन्याच्या नोंदीत दिसेल. किती प्रश्नांना उत्तर दिले आणि किती तासांत दिले, हाही आकडा वहीत असावा. तो अनुयायांच्या संख्येइतका डोळ्यांत भरत नाही, पण लोक कार्यालयास त्यावरूनच ओळखतात.

महिन्याच्या बैठकीपुढे मग एकच पान ठेवता येते. त्यावर सूचनेचा विषय, ती कोणासाठी, मुदत, मुदतीपूर्वीची पोहोच, नंतरची पोहोच, पुढे पाठविणारे, अनुत्तरित प्रश्न आणि खिडकीवरील खुणा असे रकाने पुरतात. सत्काराच्या छायाचित्रांसाठी या पानावर रकाना ठेवण्याचे कारण नाही. पहिले तीन महिने तुलना न करता केवळ नोंदी करीत राहाव्यात. पावसाळ्यात वीज गेली की आकडे पडतात, दिवाळीत कामगार गावी गेले की पुन्हा पडतात, आणि ही दोन्ही कारणे वहीच्या शेवटच्या, 'शेरा' या रकान्यात त्या त्या दिवशीच लिहिलेली असली तर वर्षअखेरीस कोणास त्यांचा शोध घ्यावा लागत नाही.