फ्यूज बॉक्स आत हलवावा का?

प्रश्न : बाळकुमला राहतो. पावसाळ्यात जुन्या गाडीच्या बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये ओल येते. तो डॅशबोर्डखाली घेऊ का?

उत्तर : घाई करू नका. रस्त्यावर पाणी तुंबलं तर डॅशबोर्डखालची जागा बॉनेटखालच्या बॉक्सपेक्षा आधी भिजू शकते. आधी झाकणाचं रबर बदला, हिरवट पडलेली टर्मिनलं साफ करून घ्या. बहुतेकदा एवढ्यानंच भागतं.

हलवायचाच असेल, तर मुख्य फ्यूज बॅटरीजवळच राहू द्या. तो आत नेलात तर मधली जाड वायर उघडी पडते, पत्र्याला घासली की थेट आग! पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. लांबी वाढली की जाडीही वाढवा : 6 चौरस मिलिमीटरच्या 2 मीटर तांब्यात 40 अँपिअरला सुमारे पाव व्होल्ट गळतो. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर वायरिंगला हात लावूच नका.