कक्षातील टर्मिनले आणि त्यांच्या विजेचा हिशेब

कक्षाकक्षांतून संगणकाची टर्मिनले बसविण्याचा खर्च समजतो, परंतु स्विच, यूपीएस व बॅटऱ्या यांच्यापोटी एवढी रक्कम का धरली जाते, अशी पृच्छा सन्माननीय दात्यांकडून होत असते. तिचे उत्तर येथे देत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने ते जमाखर्चाच्या भाषेतच येईल.

टर्मिनले किती हवीत, हे दिवसाच्या सरासरीवरून ठरविता येत नाही. समजा, सकाळी केसपेपरच्या खिडकीवर तासाला ६० रुग्ण येतात व प्रत्येक नोंदणीस ३ मिनिटे लागतात. तासाभरात १८० मिनिटांचे काम झाले, म्हणजे कागदावर ३ टर्मिनले पुरतात. प्रत्यक्षात एखाद्या वृद्धास जुना केसपेपर शोधण्यास विलंब झाला, की तुंबलेली रांग गर्दी ओसरेपर्यंत हटत नाही. चौथे टर्मिनल दुपारी रिकामे दिसते. ती उधळपट्टी नव्हे.

कमी विजेवर चालणाऱ्या टर्मिनलला माहितीच्या तारेतूनच वीज देता येते. त्यासाठी आयईईई या संस्थेने २००३ साली ठरविलेल्या मानकानुसार स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॅट सोडले जातात आणि १०० मीटर तारेतील घट वजा जाता उपकरणास १२.९५ वॅट मिळतात. २००९ च्या मानकात हे आकडे ३० व २५.५ झाले. मालवाहतुकीतील तुटीसारखाच हा प्रकार आहे. टर्मिनल निवडताना पोहोचणारा आकडा पाहावा, स्विच निवडताना सोडलेला.

खरी मेख मात्र एकूण शिलकेत आहे. २४ पोर्टांच्या स्विचची एकत्रित क्षमता ३७० वॅट असेल, तर १५.४ वॅटप्रमाणे सर्व पोर्टांना वीज पुरते. प्रत्येक पोर्टवर ३० वॅटची मागणी आली, तर बाराच भागतात; तेराव्यास जागा असूनही वीज नाही. निविदेत पोर्टांची संख्या ठळक असते, वॅट मात्र तळटीपेत! अनेक स्विचमध्ये पोर्टांना अग्रक्रम देता येतो. तेथे अतिदक्षता विभाग प्रथम हवा.

वीज स्विचमधूनच जात असल्याने त्या एका स्विचला यूपीएस जोडला, की सारी टर्मिनले तगतात. पुरवठा खंडित झाल्यावर जनित्र भार घेईपर्यंत दिवे काही सेकंदच जातात, पण बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू होण्यास कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात अमुक रुग्णास पेनिसिलीन चालत नाही, ही नोंद परिचारिकेस दिसत नाही. म्हणून मुख्य सर्व्हर आणि वाटेतील प्रत्येक स्विच यूपीएसवरच हवा. जिन्याखालच्या पेटीतील एक जरी राहून गेला, तरी संपूर्ण मजला अंधारात जातो.

१२ वॅटची २४ टर्मिनले म्हणजे २८८ वॅट. स्विचचा स्वतःचा वापर व घट धरून आम्ही ४०० मोजतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,२०० वॅट-तास असतात. आम्ही निम्मेच जमेस धरतो, म्हणजे दीड तास. कारण बॅटरी वयाबरोबर क्षीण होते, आणि उष्ण खोलीत अधिकच लवकर. स्विच देणगीतून एकदा घेता येतो, बॅटऱ्या मात्र काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. यास्तव त्यांची तरतूद दरवर्षीच्या घसारा निधीत स्वतंत्र दाखविली जावी, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे.