माहेरी ‘बसलेली’

अगं, तू अंगणवाडीत लागलीस, आता गावातल्या बायांच्या याद्या तुझ्या हातून होणार. म्हणून जवळ बसवून सांगते.

आपल्या लातूर-नांदेडकडं नवऱ्यानं नांदवली नाही की म्हणतात, ‘लेक माहेरी बसलीय.’ अहमदपूर-मुखेडकडच्या अशा बाया बघ. पहाटे भाकरी थापून सोयाबीन काढायला जातात, लेकरांच्या वह्या-पुस्तकांचं बघतात. दिवसभर टेकायला मिळत नाही, तरी ती ‘बसलेली’! लग्न झालं तेव्हा म्हणालो होतो, ‘लेक उजवली.’ उजवतात नवस. म्हणजे लेक हे देणं होतं, ते फिटलं. मग ती परत आली की फिटलेलं देणं दारात आल्यासारखं घराला वाटतं. ‘टाकलेली’ हा शब्द तर तुझ्या तोंडी कधीच येऊ देऊ नकोस, माय.

शब्द गोड केला म्हणूनही भागत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ लिहावं, असा प्रस्ताव तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी चर्चेला आणला आणि राज्यभर बाया चिडल्या. नद्या पवित्रच. पण पत्रिकेत नावामागं ‘गं. भा.’ दिसलं की हिला हळदी-कुंकवाला बोलवायचं नाही, हिच्या हातून ओटी भरायची नाही, हे न सांगता कळत आलंय. बायांना राग त्याचा होता, आणि तो मला रास्त वाटतो.

तीच गत ‘निराधार’ची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जावर तो शब्द राहणारच, तिथं तुझा इलाज नाही. पण चार जिवांना पोसणारीला निराधार कसं म्हणायचं? बाया स्वतः त्या पैशाला काय म्हणतात ते ऐक. ‘माझा पगार आला का?’ अनुदान म्हटलं की हात पसरल्यासारखं होतं, पगार म्हटलं की मान वर राहते. तूही पगारच म्हण.

मराठवाड्यात एकल महिला संघटनेनं ‘एकल’ हा शब्द रुजवला. मला तो पटतो. विधवा, घटस्फोटिता, नवऱ्यानं सोडलेली, स्वतःहून निघून आलेली, सगळ्या त्यात मावतात आणि कुणाच्या कपाळाकडं बघावं लागत नाही.

कागदावर कायद्याचा शब्द लिही बाई, नाहीतर अर्ज परत येईल. पण चारचौघांत यादी वाचताना रकाना वाचू नकोस. तिचं नाव घे, आडनावासकट.