फुकटच्या सॉफ्टवेअरचा खर्च कोण भागवतं?



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत नव्या कॉम्प्युटरचा विषय निघाला. "हिशोबासाठी लिबरऑफिस टाकू, त्याला पैसे पडत नाहीत," असं आपल्या वही लिहिणाऱ्या ताईने सांगितलं. लगेच मागून आवाज आला, "फुकट कोण देतंय गं आजकाल? उद्या बंद पडलं तर आपला हिशोब गेला की!" प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

ओपन सोर्स म्हणजे काय?

सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या लेखी सूचना. बऱ्याच कंपन्या त्या कुलपात ठेवतात आणि वापरण्याचे पैसे घेतात. ओपन सोर्समध्ये सूचना उघड्या असतात. त्या कोणीही वाचाव्या, बदलाव्या, दुसऱ्याला द्याव्या. आपल्या मसाल्याची कृती सगळ्या गावाला सांगून टाकावी, तसंच हे. मग सांगणारीचं पोट कशावर भरतं?

पैसे येण्याच्या चार वाटा

१. सेवा : कृती मोफत, पण सांभाळून देण्याचे पैसे. अमेरिकेतली रेड हॅट कंपनी लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर अशी चालते. मोठमोठ्या संस्था वर्षाची वर्गणी भरतात, बदल्यात दुरुस्ती आणि अडचणीला मदत मिळते. २०१९ साली आयबीएमने ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली.

२. चालवून देणं : मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट हे हिशोबाचं आणि मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवते. ते कोणीही घेऊन स्वतःच्या मशीनवर चालवू शकतं. ज्यांना ती दगदग नको, त्यांचं काम कंपनी पैसे घेऊन आपल्या देखरेखीत चालवते.

३. दुसऱ्याकडून पैसे : फायरफॉक्समध्ये आपण काही शोधलं की बहुतेक वेळा गूगल उघडतं. त्या जागेसाठी गूगल पैसे मोजतं. फायरफॉक्सची बरीचशी कमाई अशीच येते.

४. वर्गणी : ब्लेंडर हे चित्रपटासाठी हलती चित्रं बनवण्याचं सॉफ्टवेअर. २००२ साली त्याची कंपनी बंद पडली. ते खुलं करायला गुंतवणूकदारांनी एक लाख युरो मागितले. वापरणाऱ्यांनी जगभरातून थोडे थोडे पैसे घातले आणि सात आठवड्यांत रक्कम जमली! थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पैसे आलेच नाहीत तर?

तेही घडलंय. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं ओपनएसएसएल जगभर वापरलं जायचं. पण त्याला वर्षाला देणग्या मिळायच्या जेमतेम दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच. २०१४ साली त्यात मोठी चूक सापडली आणि लाखो वेबसाइट धोक्यात आल्या. तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन पैसे घातले.

चूक त्या एकट्या माणसाची म्हणायची, की फुकट वापरणाऱ्या सगळ्यांची? आपल्या गटाची वही कोण लिहितं, आणि तिला आपण काय देतो, हेही यानिमित्ताने आठवून पाहा.

मग आपण काय करायचं?

लिबरऑफिसच्या मागे जर्मनीतली एक संस्था आहे. ती देणग्यांवर चालते, आणि सेवा विकणाऱ्या कंपन्यांचे पगारी लोकही त्यावर काम करतात. एकदा बसवलं की ते आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं. दरवर्षी परवानगी घ्यायला लागत नाही. पण कॉम्प्युटरच बिघडू शकतो. म्हणून दर आठवड्याला हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

दुकानदाराने बिलात लिबरऑफिसची किंमत लावली, तर "हे पैसे कशाचे, भाऊ?" असं जरूर विचारा. बसवण्याचे किंवा शिकवण्याचे असतील तर ठीक, पण ते बिलावर तसं लिहून घ्या. वाचलेल्या पैशातून शिकवणी आणि दुरुस्तीची तरतूद करा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात कोणतं काम फुकट होतं? ते करणारी उद्या थांबली तर काय होईल?
२. चारपैकी कोणती वाट आपल्या धंद्याला लागू पडेल?
३. वही लिहिणाऱ्या ताईचं मानधन किती असावं? ठराव करून लिहून ठेवा.