लिंक थेट ऑर्डरच्या पानावर नेऊ का?

प्रश्न : घनसावंगी तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. फवारणी आणि अवजारांवर मी मोबाईलवर छोटे व्हिडिओ करतो आणि खाली अ‍ॅफिलिएट लिंक टाकतो. एका विक्रेत्याच्या बॅटरी पंपाची माहिती इतकी लांबलचक आहे की लोक ते पान अर्धवट वाचून परत फिरतात. म्हणून मी ऑर्डरच्या पानाचा पत्ता कॉपी करून तोच ग्रुपवर टाकू लागलो. ३८ जणांनी ऑर्डरचे स्क्रीनशॉट पाठवले, पण माझ्या खात्यात कमिशन फक्त ५ ऑर्डरींचं दिसतं. विक्रेता म्हणतो, तुम्ही अटी मोडल्या. काही वयस्कर शेतकऱ्यांच्या ऑर्डरी मी स्वतःच भरून देतो. माझं काही बेकायदेशीर झालं का? पैसे मिळतील का? पेरणीच्या वेळी बियाण्याच्या लिंका टाकल्या तर चालेल का? आणि या कमाईवर कर बसतो का?
– एक वाचक, ता. घनसावंगी, जि. जालना

उत्तर : ग्राहकाला थेट ऑर्डरच्या पानावर पाठवणं हा गुन्हा नाही. तशी मनाई करणारा कायदा नाही. तुमचं कमिशन कुठे अडलं ते आधी पाहू.

तुम्हाला मिळालेल्या मूळ लिंकच्या शेपटाला तुमचा कोड असतो. ती दाबली की ग्राहक आधी अ‍ॅफिलिएट नेटवर्कच्या सर्व्हरवरून जातो, तिथे क्लिकची नोंद होते, त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे एक छोटी खूण, पडते आणि मग विक्रेत्याचं पान उघडतं. पैसे भरून झाल्यावर जे ‘धन्यवाद’चं पान येतं, ते ही कुकी वाचून ऑर्डर तुमच्या नावावर टाकतं. तुम्ही वरच्या पट्टीतून कॉपी केलेल्या पत्त्यात ही वाटच नाही. आडतीवर माल उतरवला पण काटापट्टी घेतली नाही, तसं हे झालं. ज्या ५ ऑर्डरी दिसतात, त्या लोकांनी बहुधा तुमची जुनी लिंक आधी कधीतरी दाबलेली असावी.

यावर उपाय सोपा आहे. ऑर्डरच्या पानावर नेणारी, पण तुमचा कोड असलेली लिंक विक्रेत्याकडे मागा. बरेच विक्रेते ती देतात. काही जण तुमच्या नावाचा कूपन कोड देतात, म्हणजे कुकीवर विसंबावं लागत नाही. नवी लिंक ग्रुपवर टाकण्याआधी एकदा स्वतः दाबा आणि डॅशबोर्डवर क्लिक वाढला का ते पाहा. थेट ऑर्डरच्या पानावर नेण्याची परवानगी मात्र ईमेलवर घ्या. फोनवरच्या ‘हो, चालेल’ला पुढे कोणी विचारत नाही.

राहिलेल्या ३३ ऑर्डरींच्या पैशांबाबत स्पष्ट सांगतो. हा करारातला वाद आहे. तुम्ही इथे ग्राहक नाही, त्यामुळे ग्राहक आयोग ही तक्रार घेणार नाही. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण वाद कुठल्या शहरात किंवा कुठल्या लवादापुढे चालेल हे बहुतेक करारांत आधीच लिहिलेलं असतं. काही हजारांसाठी तिथवर जाणं परवडत नाही. स्क्रीनशॉट, ऑर्डर क्रमांक आणि तारखा एका तक्त्यात मांडून विक्रेत्याला लेखी पाठवा. ऑर्डर क्रमांक जुळले तर समजूतदार विक्रेता काही रक्कम देतो. करारात थेट लिंकला स्पष्ट मनाई असेल, तर फार आशा धरू नका.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त काळजीची वाटणारी गोष्ट. माहितीचं पान लांबलचक असतं, पण टाकीची क्षमता, बॅटरी किती तास चालते, वॉरंटी, परत करण्याच्या अटी, एकूण किंमत हे सगळं तिथेच असतं. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार विक्रेत्याला हे दाखवावंच लागतं. ते पान तुम्ही गाळलंत की शेतकऱ्यापुढे पंपाबद्दल उरतात फक्त तुमचे शब्द. कायद्याच्या नजरेत तुमचा व्हिडिओच जाहिरात ठरतो आणि तुम्ही शिफारस करणारे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच घडलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष शिफारस करण्यावर बंदी येऊ शकते. दावा खरा आहे का हे आधी पडताळलं होतं असं दाखवता आलं, तर या दंडातून सूट आहे. म्हणून पंप आधी स्वतःच्या बागेत चालवा. एका चार्जिंगवर किती झाडं झाली ते मोजा आणि तेवढंच सांगा.

कमिशन मिळतं हेही सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार हे शिफारशीच्याच भाषेत सांगायचं, व्हिडिओत तोंडानंही आणि पडद्यावरही, हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. ‘ही जाहिरात आहे, या लिंकवरून घेतलं तर मला कमिशन मिळतं’ हे सुरुवातीलाच म्हणा. गावातली माणसं यानं दुरावत नाहीत असा माझा अनुभव आहे.

वयस्कर शेतकऱ्यांच्या ऑर्डरी भरून देणं तुम्ही मदत म्हणून करता, हे मी मानतो. तरी ते थांबवा. अ‍ॅफिलिएटनं स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीनं केलेल्या खरेदीवर कमिशन नाही, अशी अट अनेक करारांत असते आणि त्यावरून अख्खं खातं बंद होतं. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचा ओटीपी तुमच्या हातात येतो. उद्या त्या माणसाच्या खात्यातून कुठूनही पैसे गेले, तर पहिला संशय तुमच्यावर. शेजारी बसा, बटण कुठे आहे ते दाखवा, पण पत्ता आणि ओटीपी त्याच्या घरच्यांना भरू द्या. ऑर्डरच्या पानावर आधीच टिक केलेली चौकट दिसली तर विक्रेत्याला कळवा. नियमांनुसार ग्राहकाची संमती अशी गृहीत धरता येत नाही.

बियाण्याच्या बाबतीत मी कडक सांगेन. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं हा या शहराचा मोठा धंदा आहे आणि पाकीट, लॉट क्रमांक, बिल यांचं मोल इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार विक्रेत्याकडे परवाना हवा आणि त्यानं बिल दिलं पाहिजे. तुम्ही फक्त लिंक देता तोवर विक्रेता ठरत नाही. पण गावातून पैसे गोळा करून एकत्र ऑर्डर टाकली आणि पाकिटं घरोघर वाटली, तर विनापरवाना विक्रीचा प्रश्न तुमच्या दारात येतो. परवाना क्रमांक न दाखवणाऱ्या विक्रेत्याची लिंक टाकू नका. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं ‘चोर बीटी’ बियाणं कितीही कमिशन देत असलं तरी त्याला हात लावू नका, त्याला मान्यताच नाही. पंप बिघडला तर बदलून मिळतो. बियाणं उगवलं नाही तर हंगाम जातो.

कराचं थोडक्यात. मोसंबीचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त आहे, कमिशन नाही. ‘आम्ही शेतकरी, आम्हाला कर नाही’ हे इथे चालत नाही. एका कंपनीकडून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त कमिशन आलं, की ती २ टक्के टीडीएस कापते. पॅन दिला नसेल तर २० टक्के. समजा १,१०,००० रुपये मिळाले, तर २,२०० कापले जातील. एकूण करपात्र उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. छोट्या व्यावसायिकांना ठरावीक टक्क्यानं नफा दाखवायची जी सोय आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. म्हणून इंटरनेट आणि नमुन्याच्या पंपाच्या खर्चाची बिलं ठेवा आणि आयटीआर-३ भरा. जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, आणि ती मोजताना विकलेल्या पंपांची किंमत धरायची नाही, तुमचं कमिशन धरायचं.

प्रश्न : भाच्यानं पाठवलेल्या लिंकवरून पंप मागवला. पंधरा दिवसांत मोटर बंद पडली, विक्रेता फोन उचलत नाही. भाचा म्हणतो, माझा संबंध नाही. पैसे कोणाकडे मागू?
– एक वाचक, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : विक्रेत्याकडे. भाच्यानं पैसे घेतले नसतील तर तो विक्रेता नाही. विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा नियम आहे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही भागलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बिल, भाच्याचा मूळ मेसेज आणि बंद मोटरचा व्हिडिओ आजच जपून ठेवा, आणि मेकॅनिककडे पंप उघडायला देण्याआधी तो व्हिडिओ काढून घ्या.